राजपुरीच्या जेटीवरची होडी

काळेवाडीला नदी आहे, होडी नाही. पूल ओलांडला की पिंपरी कॅम्पाचा बाजार, आणि पुलाखाली पवना, तीही वर्षातले कितीतरी दिवस जलपर्णीने झाकलेली. आमच्याकडच्या मुलांना होडी माहीत आहे ती पुरामुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२४ च्या जुलैमध्ये पवनेकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा शहरात रबरी बोटींचीच चर्चा होती. अशा वेळी बोटीत काय आहे आणि काय नाही, हे पाहायला कोण थांबतो? कुणीतरी हात पुढे करतो आणि माणूस चढतो. आमच्या भागातल्या एका चौकाचे नाव मात्र पाचपीर चौक आहे, आणि तिकडे बंगालमधले नावाडी होडी पाण्यात लोटताना याच पाच पिरांचे आणि बदर पिराचे नाव घेत आले आहेत. होडीशी आमचे नाते एवढेच.

म्हणून यंदा थंडीत राजपुरीला जायचे ठरले तेव्हा आम्ही जंजिऱ्यापेक्षा मामूंच्या होडीची वाट जास्त पाहत होतो. वाकड, हिंजवडी, पौड, ताम्हिणी घाट, कोलाड, रोहा, मुरूड. अम्मीला घाटात दोनदा लिंबू द्यावे लागले, बाकी प्रवास सुखाचा झाला. मामूंचे घर जेटीपासून हाकेच्या अंतरावर. समोर खाडी, पलीकडे दिघी, आणि समुद्रात सिद्द्यांचा किल्ला. जंजिरा म्हणजे अरबी ‘जझीरा’, बेट. किल्ल्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्या जेटीवरूनच सुटतात. तो किल्ला आजवर अनेकांनी लिहिला आहे, आम्ही होडीचेच सांगतो.

मामूंची होडी फायबरची, लहान, मागे इंजिन लावलेली. पण तिच्यातल्या वस्तूंची नावे जुनीच, आणि त्यातली निम्मी आपल्या घरातली निघाली. लंगर फारसी. खलाशी अरबीतून आलेला. सुकाणू म्हणजे अरबी ‘सुक्कान’. कोकणातले नाखवा हे आडनाव नाखुदावरून, म्हणजे नावेचा धनी. ‘लंगर टाकला’ ऐकून आमच्या धाकटीने विचारले, जेवण कुठे आहे? तिने लंगर फक्त दर्ग्यावर पाहिलेला. मामू हसले आणि तिला चार काट्यांचा लोखंडी लंगर दाखवला. लंगराला आधी हात-दोन हात साखळी आणि मग दोर, ती साखळी कशाला, हे आम्ही विचारले. साखळीच्या वजनाने लंगर तळाशी आडवा पडतो आणि रुततो. नुसता दोर असेल तर लाटेबरोबर तो वर ओढला जातो. आणि दोर पाण्याच्या खोलीइतका असून भागत नाही, पाच-सातपट लागतो. तीन पुरुष पाण्यात वीस पुरुष दोर!

सुकाणू या होडीला वेगळे नाही. इंजिनाचा दांडा डावीकडे-उजवीकडे फिरवला की अख्खे इंजिन फिरते आणि होडी वळते. आमचा भाचा चाकणला एका कारखान्यात प्रेसवर काम करतो, तो तिथेच उकिडवा बसला. पेट्रोलच्या टाकीतून येणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो, तो दाबून इंजिनात इंधन भरायचे. इंजिन चालू झाले की मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार उडाली पाहिजे. ती धार म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरते आहे. धार थांबली, तर इंजिनही लगेच बंद करायचे. मामू गप्पा मारत होते तरी त्यांची नजर त्या धारेवरच होती.

मग भाच्याने पिळाची लाल दोरी पाहिली. तिचे एक टोक इंजिनाच्या बटणाला, दुसऱ्याला कडी.

“ही मनगटाला बांधायची, बेटा. मी पाण्यात पडलो तर ही निघते आणि इंजिन बंद.”

“म्हणजे आमच्या मशीनवरचे लाल बटण.”

“तसेच. फक्त ते दाबायला माझा हात तिथे नसणार.”

भाच्याने नंतर आम्हाला समजावले. चालवणारा पडला आणि इंजिन चालू राहिले, तर होडी गोल फिरत त्याच्याच अंगावर येऊ शकते, आणि खाली पंखा फिरतो आहे. जेटीवर इंजिनाच्या आणखी होड्या होत्या. काहींची ही दोरी दांड्यालाच गुंडाळलेली दिसली. आम्हाला ते मुळीच आवडले नाही.

पवनेत हे इंजिन चालेल का, हेही विचारले. मामूंनी पवना टीव्हीवर पाहिलेली आहे. जलपर्णी, कपडे, प्लास्टिक, पुरात वाहून आलेल्या फांद्या, सगळे पंख्यात अडकणार. म्हणून नदीतल्या बोटीत वल्ही हवीतच, इंजिन कितीही नवे असो.

आता जॅकेट. मामूंनी इंजिनाला हात लावण्याआधी प्रत्येकाला जॅकेट दिले आणि इथे थोडी बोलाचाली झाली. अम्मीचे म्हणणे, बुरख्याच्या आत घालते, वरून बरे दिसत नाही. मामूंनी आदबीने पण ठाम सांगितले, आपा, वरूनच. आत घातले तर भिजलेले कापड पट्ट्यांवर ओढ देते, वर काढणाऱ्याला धरायला पट्टा सापडत नाही, आणि नारिंगी रंग काळ्या कापडाखाली गेला तर लांबून दिसणार काय? ओढणीची टोकेही जॅकेटच्या आत खोचायची, इंजिनाजवळ मोकळी ठेवायची नाहीत. अम्मीने जॅकेट वरून घातले. धाकटीला मोठ्यांचे जॅकेट चालले नाही. मामूंनी तिला खांद्यांपाशी धरून वर ओढले, तर जॅकेट कानापर्यंत आले. मग शेजारून लहान मापाचे आणले, पायांमधून पट्टा घेणारे. जॅकेटवर किती किलो वजनासाठी ते छापलेले असते, आणि एक शिट्टीही बांधलेली असते. ती वाजवून पाहायला मुलांना सांगावे लागले नाही.

८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून सुटका करणारी बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, आणि अनेकांचे जीव गेले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. त्यानंतर गेटवेवर प्रवाशांना जॅकेट सक्तीचे झाले. एक बोट पुरातली, एक सहलीची. दोन्हींत बसणारी माणसे आपल्यासारखीच, लेकरे कडेवर घेतलेली. जॅकेट छताला दोरीने गच्च बांधून ठेवलेली बोट दिसली तर आम्ही तरी यापुढे आधी दोरी सोडायला सांगणार.

बाकीचे सामान मामूंनी भराभर दाखवले. पाणी उपसायला अर्धा कापलेला तेलाचा डबा, दोरीने बांधलेला, नाहीतर गरजेच्या वेळी तोच आधी वाहून जातो. तळाच्या भोकाचे बूच. दोरी बांधलेले गोल टायर. पेट्रोलपासून लांब, हाताशी येईल असे आग विझवायचे नळकांडे. रात्रीसाठी डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा. डब्यावर आतून खडूने लिहिलेला १५५४, तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक.

खाडीतच एक फेरी मारली. मामूंच्या मनगटावर लाल दोरी होती. अम्मी मधल्या फळीवर बसली, किल्ल्याकडे न पाहता त्या पाण्याच्या धारेकडे पाहत. “चालू आहे ना?” असे तिने तीनदा विचारले. परत आल्यावर मामूंनी इंजिन काढून गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवले आणि पाच मिनिटे चालवले, आतले मीठ धुऊन जावे म्हणून. पिंप भरायचे काम भाच्याने केले, आणि जॅकेट सावलीत वाळत घालायचे आम्ही.