वामनवृक्षांच्या गावी

या गावात राहायला यायचे तर अटी चार. घरी निदान दहा बोन्साय असले पाहिजेत. बागेचे फाटक येणाऱ्याजाणाऱ्याला उघडे पाहिजे. घरावर माडी चढवायची नाही. आणि कुंपण घालायचे ते दगडाविटांचे नव्हे, झाडांचे. जपानमधल्या ओमिया शहराच्या कडेला वसलेल्या माळ्यांनी १९२८ साली आपापसांत हे ठरवून टाकले. माडीला बंदी का, हे आमच्या चाळकऱ्याला समजावून सांगायला नको. शेजारच्या माडीने आपल्या खिडकीतले ऊन खाल्ले म्हणजे माणूस किती कातावतो ते तो जाणतो. इथे तर ऊन झाडांच्या वाटणीचे!

हे माळी मूळचे तोकियोचे. तेथल्या सेंदागी भागात त्यांच्या बागा होत्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी भूकंप झाला, मागोमाग आगी लागल्या, आणि राजधानी होत्याची नव्हती झाली. तेव्हा स्वच्छ पाणी, चांगली माती आणि मोकळी हवा शोधत यांतले काही जण उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर आले आणि १९२५ साली ही वसाहत उभी राहिली. आज ती साइतामा शहरात सामावली आहे. पण टपालाच्या पत्त्यावर नाव अजून ‘बोन्साय-चो’, म्हणजे बोन्सायची पेठ, असेच आहे.

माझा भाचा तोकियोत नोकरीला असतो. त्याच्याकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा इतर सर्व स्थळे त्याने दाखवली आणि हे एक मी मागून घेतले. आगगाडीने ओमियाला अर्धा तास, तेथून दुसरी छोटी गाडी. जाणाऱ्याने गुरुवार मात्र टाळावा. बागा आणि संग्रहालय, दोन्हींची सुट्टी त्या दिवशी असते.

‘बोन’ म्हणजे उथळ भांडे, ‘साय’ म्हणजे लावणे. शब्दाचा अर्थ एवढाच. त्यापेक्षा आपल्याकडे रुळलेला ‘वामनवृक्ष’ हा शब्द मला कितीतरी सरस वाटतो. वामन नुसता बुटका नव्हता. तीन पावलांत त्रिभुवन मोजण्याचा ऐवज त्या बटुमूर्तीत होता. ओमियातल्या एका फळीवर हातभर उंचीचा पाइन पाहिला. बुंध्याची साल भेगाळून खवल्यांसारखी झालेली, एक फांदी वाळून हाडासारखी पांढरी पडलेली, दुसरी खाली झुकून पुन्हा वर उठलेली. कोकणातल्या कड्यावर वाऱ्याशी झुंजत उभे असलेले झाड दुरून जसे दिसते, तसे ते जवळून दिसत होते.

आमच्या प्राध्यापक-खोलीत या कलेविषयी एकच मत आहे: हा झाडाचा छळ आहे. मला ते पटत नाही. झाडाला उपाशी ठेवून खुरटवतात ही समजूत खरी नव्हे. दर दोन-तीन वर्षांनी, म्हाताऱ्या झाडाला त्याहून उशिराने, कुंडीबाहेर काढून मुळांची छाटणी करतात आणि ताजी माती देतात. त्यातूनच नवी तंतुमुळे फुटतात. फांदीला वळण देण्यासाठी तार गुंडाळतात खरी, पण ती सालीत रुतण्याआधी सोडवायची असते. आणि पाणी! तीन वर्षे नुसते पाणी घालायला शिकावे लागते, अशी तेथे म्हणच आहे. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, कधी अधिक. छळ म्हणायचाच तर तो माणसाचा! चार दिवस गावाला जायची सोय नाही. त्या बागेत एक तरुण युरोपीय शागीर्द झारी घेऊन फिरत होता. प्रत्येक कुंडीपाशी थांबे, मातीकडे पाही, आणि मगच पाणी घाली. काहींना न घालताच पुढे जाई. अर्धा तास मी त्याच्याकडे पाहत उभा होतो. उत्तरपत्रिका तपासताना इतके लक्ष माझे असते तर विद्यार्थ्यांचे कल्याण झाले असते.

जपान्यांच्या जुन्या नो नाटकांत ‘हाची नो की’, म्हणजे कुंडीतली झाडे, या नावाचे एक आहे. बर्फाच्या रात्री एक प्रवासी संन्यासी एका दरिद्री सामुराईच्या दारी येतो. घरात सरपण नाही. तेव्हा तो यजमान पूर्वीच्या वैभवातून उरलेली आपली तीन झाडे, प्लम, चेरी आणि पाइन, तोडून शेकोटीत घालतो. संन्यासी असतो वेष पालटून फिरणारा राज्याचा सूत्रधार होजो तोकियोरी. पुढे तो त्याला तीन झाडांच्या नावांची तीन गावे इनाम देतो. आपल्या श्रियाळ-चांगुणेची आठवण व्हावी अशी ही कथा. अतिथीसाठी तिकडे पोटचे पोर, इकडे कुंडीतले झाड. दोन्हींकडे पणाला लावलेली वस्तू घरातली सर्वांत प्रिय वस्तू आहे.

आणि एक झाड असे, की जे आगीतून वाचले. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याच्या बागेत पाच सुयांच्या जातीचा एक पाइन होता. १६२५ पासून जोपासलेला, म्हणजे आपल्याकडे शिवाजीमहाराजांचा जन्म व्हायच्या आधीपासूनचा. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी बाँब पडला तो या बागेपासून जेमतेम तीन किलोमीटरवर. घराच्या काचा फुटून माणसांना लागल्या; झाड भिंतीच्या आड होते, ते वाचले. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याला १९७६ साली दोनशे वर्षे झाली तेव्हा जपानने त्रेपन्न बोन्साय आणि सहा प्रेक्षणीय दगड भेट म्हणून वॉशिंग्टनला पाठवले. त्यांत मासारू यामाकी यांनी हा पाइन दिला. झाडे वर्षभर आधीच पोचली होती. रोगकीड येऊ नये म्हणून ती तेवढा काळ वेगळी ठेवण्यात आली. पण हे झाड कोठून वाचून आले, याची तेथे कोणालाही कल्पना नव्हती. २००१ साली यामाकींचे दोन नातू आजोबांचे झाड पाहायला वॉशिंग्टनला गेले, तेव्हा त्यांच्या तोंडून ती हकिगत कळली. पंचवीस वर्षे अमेरिकन माळी त्याला पाणी घालत होते. देणाऱ्याने देताना एक शब्द काढला नव्हता.

त्या भेटीच्या खटपटीत ओमियाच्या मान्सेइ-एन बागेचे साबुरो कातो होते. १९८९ साली पहिले जागतिक बोन्साय संमेलन ओमियातच भरले, देशोदेशींच्या हौशी मंडळींचा एक मैत्रीसंघ तेव्हा स्थापन झाला आणि कातो त्याचे पहिले अध्यक्ष झाले. २००८ साली ते वारले. संमेलन मात्र फिरत राहिले: सोल, म्यूनिक, वॉशिंग्टन, २०१७ साली पुन्हा साइतामा, २०२२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ. जगभर माणसे वाढली आणि गाव आटले. एके काळी येथे तीसच्या आसपास बागा होत्या. आता सहा-सात उरल्या आहेत. मुले दुसऱ्या धंद्यात गेली, जमिनीला सोन्याचे मोल आले. गल्लीतल्या कित्येक घरांवर आता खुशाल माड्या आहेत.

संग्रहालयात एक दालन दगडांचेही पाहायला मिळाले. ‘सुईसेकी’ म्हणतात त्यांना. नदीत सापडलेला वीतभर दगड कोरीव लाकडी बैठकीवर किंवा वाळूच्या तबकात ठेवायचा, की त्यात दूरची डोंगररांग दिसते, धबधबा दिसतो. चीनमध्ये हा नाद याहून जुना. अकराव्या शतकातला चित्रकार मी फू एका दगडाला वाकून नमस्कार करी आणि त्याला ‘थोरले बंधू’ म्हणे. शाळिग्राम आणि नर्मदेचे बाण देव्हाऱ्यात पुजणाऱ्या आम्हांला यात हसण्यासारखे काही नाही.

त्या दगडांपुढे सिडनीहून आलेल्या एका सत्तरीच्या बाई भेटल्या. त्यांच्याकडे तेथल्या रानातल्या एका फायकसचा बोन्साय होता, म्हणजे आपल्या वडाचाच भाऊबंद. चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याने लावलेला. नवरा गेला, झाड यांच्याकडे आले. मुलाला आवड नाही. तेव्हा मंडळातल्या एका तिशीच्या मुलीच्या नावे त्यांनी ते लिहून दिले होते आणि आता दर रविवारी तिला पाणी घालायला बोलावत होत्या.

“इथले एखादे झाड नेणार का?” मी विचारले.

“आमच्या सरकारचे नियम फार कडक. जिवंत झाड नेणे म्हणजे मोठे दिव्य.” त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला काळसर दगड काढला. “म्हणून हा घेतला. घासून घासून धुतला आहे. यालाही रोज पाणी घालायचे असते, वर्षानुवर्षे. मग रंग चढतो.”

“आणि हा कोणाच्या नावे?”

“अजून कोणाच्याच नाही,” त्या म्हणाल्या. “दगड आहे, थांबेल.” आणि टॉवेलाची घडी पुन्हा नीट घालू लागल्या.