घरातले कार्यालय

ब्रिटनमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्याला घरून केलेल्या कामाचा खर्च करपात्र नफ्यातून वजा करता येतो. त्यासाठी वीज, भाडे इत्यादींचा खोल्या व वापराचे तास पाहून वाजवी हिस्सा काढावा लागतो, किंवा महिन्याला 25 ते 50 तासांना 10, 51 ते 100 तासांना 18 आणि त्यापुढे 26 पौंड अशी, खरे तर कंजूषच, ठोक रक्कम धरता येते. खोली केवळ धंद्यासाठी राखली, तर घर विकताना भांडवली नफ्यावरील, म्हणजे किंमतवाढीवरील, करसवलतीचा तेवढा भाग जाऊ शकतो. त्यामुळे सकाळी बिले लिहिलेल्या टेबलावरच रात्री ताटे मांडणे सोयीचे ठरते, मात्र काम संपून घर नेमके केव्हा सुरू होते, ही रुखरुख त्या माणसाला सोडत नाही. गृहकर्जाच्या व्याजाचा हिस्सा हिशेबात धरता येतो, मुद्दल नाही.