सगळे चालले, सर

दिवाळीत आर्णीला घरी गेलो होतो. फराळाचं ताट पुढ्यात आणि आत्तेबहीण मोबाईल घेऊन समोर. ती माझ्याच कॉलेजात, माझ्याच ब्रँचला, दुसऱ्या वर्षाला आहे. (कॉलेजचं नाव विचारू नका, सांगणार नाही.)

"दादा, या फीडबॅक फॉर्ममधे काय लिहू रे? पुढच्या महिन्यात कमिटी येऊन राहिली."

कमिटी माझ्याही वेळी आली होती. २०१८, आम्ही थर्ड इयरला.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अख्ख्या कॉलेजचं मूल्यमापन करतं ते नॅक आणि इंजिनिअरिंगची एकेक ब्रँच तपासतं ते एनबीए. दोन्ही १९९४ सालची. एनबीएचा मूळ प्रश्न मला आजही आवडतो. तुम्ही काय शिकवलंत ते राहू द्या, पोरांना काय यायला लागलं ते दाखवा! आमच्या वेळी त्यासाठी बारा 'प्रोग्रॅम आउटकम्स' होते. प्रत्येक विषयाची उद्दिष्टं त्या बाराशी जोडायची, जोड किती घट्ट त्यानुसार १, २, ३ असे आकडे द्यायचे, मग मार्कांवरून कुठलं कितपत साधलं ते काढायचं. कमी पडलं की पुढच्या वर्षी सुधारायचं. कागदावर ही फीडबॅक लूप इतकी सुबक दिसते की आपल्यासारख्यांनी प्रेमातच पडावं.

मला व्हीलुकअप येत होतं, म्हणून सरांनी एक्सेल भरायला मलाच बसवलं. तिथे गंमत कळली. किती टक्के पोरांना ठराविक मार्कांच्या वर पडले की लेव्हल ३, हे कॉलेजच ठरवतं. आणि ते मार्क कुठले? विद्यापीठाच्या पेपरातले, जो आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका घोकून सोडवायचो. बरं, उणीव सापडलीच तरी अभ्यासक्रम अमरावतीला ठरतो. १९८३ सालचं, आता यवतमाळसकट पाच जिल्ह्यांचं विद्यापीठ ते. संलग्न कॉलेजातला मास्तर शिकवण्याची पद्धत बदलेल, फार तर जादा तास घेईल. एनबीएलाही हे ठाऊक आहे, म्हणून अशी कॉलेजं टियर-२ मधे. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला, आपल्या डिग्रीला बाहेर मान्यता वगैरे, पण ते टियर-१ पुरतं.

असो. तर कमिटी आली. रंगरंगोटी, रांगोळी, फायलींवर रंगीत लेबलं. मायक्रोप्रोसेसर लॅबमधे दहा किट मांडलेले, त्यातले चालू तीन. कमिटीतल्या एका वयस्क सरांनी आमच्या शिक्षकांना बाहेर पाठवलं, दार लावलं आणि विचारलं, "या किटवर तुम्ही लिहिलेला असा कुठला प्रोग्रॅम सांगा, जो चालला नाही. मग तुम्ही काय केलं?"

काय प्रश्न होता! सगळ्या एक्सेलपेक्षा भारी. आणि खरं उत्तर एवढंच की आम्ही वर्षभरात किटला दोनदा हात लावला होता.

मी पहिल्या बाकावर. म्हणालो, "सगळे चालले, सर."

हे उत्तर मला कोणी पढवलं नव्हतं. मान्यता हुकली तर कँपसला कंपन्या येणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं. शिवाय आमच्या लॅबच्या सरांनी नव्या किटसाठी दोनदा अर्ज केले होते. ते अर्ज पुढे सरकायची एकमेव संधी दार लावून माझ्यासमोर बसली होती, आणि हे मला ट्रेनमधे, पुण्याला नोकरीवर रुजू व्हायला जाताना, पहिल्यांदा सुचलं. सरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. तीन वर्षांची मान्यता मिळाली. आम्ही पेढे खाल्ले.

"ते मायक्रोप्रोसेसरचे किट आहेत का गं अजून?" मी बहिणीला विचारलं.

"कपाटात आहेत ते? त्याले कुलूप आहे. आम्ही सिम्युलेटरवरच करतो."

मग तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"मंग तू काहून नाही सांगतलं?"

मी चिवडा खात राहिलो. तिने फॉर्म पुढे केला. सातवा प्रश्न, प्रयोगशाळेतील उपकरणे पुरेशी व चालू स्थितीत आहेत का? तिचा अंगठा 'असहमत'वर थांबलेला.

"थांब," मी म्हणालो, "आधी वर बघ, रोल नंबर मागितलाय का."

मागितला होता.