प्रवासाचा वसा

सांगा पाहू, सासरी येताना तुम्ही काय काय आणलंत? भांडीकुंडी, चार साड्या, एखादा दागिना, आईच्या हातच्या लोणच्याची कृती. पण फिरण्याची हौस काही कुणी रुखवतात मांडत नाही. आमच्याकडे मात्र ती सासूकडून सुनेकडे आली, आणि तिची वाट रांजणगावावरून जाते.

पुण्याहून नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या रस्त्याला लागलं, की वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर मागे टाकत सुमारे ५० किलोमीटरवर रांजणगाव येतं. याच पुणे-नगर रस्त्यावर १ जून १९४८ रोजी आपली पहिली एस. टी. धावली. कुणी बैलगाडी जुंपील का, कुणी सोबत येईल का, म्हणून वाट पाहणाऱ्या बायकांना या गाडीने केवढा आधार दिला असेल!

आमच्या आजेसासूबाई म्हणत, घराबाहेर पडायला त्या काळी देव हे एकच कारण चालायचं. "फिरायला जाते" म्हटलं असतं, तर घर डोक्यावर घेतलं असतं सगळ्यांनी. पण "गणपतीला जाऊन येते" म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? भक्ती खरी होतीच. पण दर्शनाच्या पाच मिनिटांआधी आणि नंतर जो अख्खा दिवस मिळे, तोही त्यांना हवा असे. शेतं, नद्या, बाजार, अनोळखी बायकांशी सुखदुःखाच्या गोष्टी! ती हौस त्यांनी सासूबाईंना दिली. १९७९ साली 'अष्टविनायक' चित्रपट आला, तेव्हा आमच्या सासूबाईंची निम्मी यात्रा आधीच झालेली होती.

रांजणगावचा महागणपती पूर्वाभिमुख आहे. त्रिपुरासुराशी युद्ध करताना शंकरांनी इथे गणेशाची आराधना केली, अशी कथा. गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधवला, सभामंडप इंदूरच्या सरदार किबे यांनी. दक्षिणायनात उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीवर पडतात, असं सांगतात. म्हणून शक्य असेल तर सकाळीच जा. आज गावाशेजारी मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. कारखान्याच्या पाळीला निघालेल्या मुली आणि यात्रेकरू आजीबाई एकाच थांब्यावर गाडीची वाट पाहताना दिसतात.

आठ गणपतींची यात्रा म्हणजे मुलांसाठी भूगोलाची शाळाच. पाच ठिकाणं पुणे जिल्ह्यात, पाली आणि महड रायगडमध्ये, सिद्धटेक अहिल्यानगरमध्ये. मोरगावला कऱ्हा, सिद्धटेकला भीमा, ओझरला कुकडी. लेण्याद्रीला पायऱ्या चढून गेलात, तर गणपतीबरोबर बौद्ध लेणीही पाहायला मिळतात. थेऊरला १७७२ साली माधवराव पेशवे वारले, हे तिथे उभं राहून सांगितलं की मुलांच्या कायमचं लक्षात राहतं.

सासूबाईंचा एक नियम होता. ज्या मुलाला मोजता येतं, त्याने तिकिटं सांभाळायची आणि पुढचं गाव कुठलं ते सगळ्यांना सांगायचं. माझी लेक सातव्या वर्षी कंडक्टरकडून सुटे पैसे मोजून घ्यायला शिकली ती या रस्त्यावर. मुलांना नुसतं गाडीत बसवून नेलं तर ती झोपतात. काम दिलं की प्रवास त्यांचा होतो.

पण बायांनो, या हौसेची खरी परीक्षा पुढेच असते. गेल्या वर्षी लेक म्हणाली, "आई, मी हंपीला एकटी जाणार." माझ्या पोटात गोळाच आला. वीस वर्षांची मुलगी, परका मुलूख, भाषा वेगळी. मी सोबतीचा, सुट्टीचा, पैशांचा, सगळ्या सबबींचा पाढा वाचला. सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आम्हाला देवाचं नाव पुढे करावं लागलं गं. ही खरं सांगून निघालीय, तर जाऊ दे की."

मग आम्ही दोघींनी बसून तिची तयारी केली. राहण्याची जागा आधी ठरवली, रात्री उशिरा पोचणारी गाडी टाळली, थोडे पैसे वेगळ्या पिशवीत ठेवले आणि रोज संध्याकाळी एक फोन करायचं ठरलं. ते चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही, हे खरं. ती परतली ती पायाला फोड आणि तोंडात शंभर गोष्टी घेऊन. आमच्या घरात देवाचं निमित्त न सांगता एकटी निघालेली ही पहिलीच.

तुम्ही निघणार असाल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. तिकीट काढताना "रांजणगाव गणपती" असं पूर्ण सांगा, कारण याच शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडस नावाचं दुसरं गाव आहे. चतुर्थीला आणि भाद्रपदात गर्दी फार, म्हातारी माणसं बरोबर असतील तर एरवी जा. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, दिवसभर टिकतात. एस. टी.त मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, तेव्हा वयाचा पुरावा विसरू नका.

आणि हो, तिकिटं मुलांच्या हातात द्या, खिडकीजवळची जागा सासूबाईंना.