नोंदवहीतील पाचवा रकाना

स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे शोधत असताना वसतिगृहाच्या कपाटात आम्हाला नोंदवह्यांचा एक गठ्ठा सापडला. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले : दिनांक, विद्यार्थ्याचे नाव, तक्रार आणि केलेली कार्यवाही. तक्रारी ठरावीक आहेत. मारामारी केली, खोटे बोलला, दुसऱ्याची वही फाडली, अंथरूण ओले केले, न सांगता बाहेर गेला. कार्यवाहीच्या रकान्यात ‘समज दिली’, ‘उभे केले’, ‘पालकांना बोलावले’ असे शेरे आहेत. अक्षर आमचेच आहे.

त्या वेळी आम्ही ही पाने एकेक करून लिहिली. आज ती सलग वाचली, तेव्हा तेव्हा न दिसलेली एक गोष्ट दिसली. दसरा-दिवाळीच्या सुमारास तक्रारी एकदम वाढतात, हिवाळाभर तशाच राहतात आणि गुढीपाडवा जवळ आला की ओसरू लागतात. परतूर, मंठा, घनसावंगी या पट्ट्यात राहणाऱ्याला याचे कारण सांगावे लागत नाही. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे याच दिवसांत कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. मागे उरतात थकलेले आजी-आजोबा, कुलूप लावलेली घरे आणि वसतिगृहांत ठेवलेली मुले. मुलांचे वर्तन बिघडत होते ते नेमके त्याच महिन्यांत. आम्ही मात्र वर्षानुवर्षे त्याचा दोष मुलांच्या स्वभावाला देत राहिलो.

यातील एका नोंदीची हकिगत येथे सांगितली पाहिजे, कारण त्यात चूक मुलाची नव्हती, आमची होती.

चौथीतला एक मुलगा. जेवणाच्या वेळी तो दोन भाकरी जास्तीच्या मागून घेई आणि ताटात मात्र एकही उरलेली दिसत नसे. काही दिवसांनी खोलीत मुंग्या झाल्या, उंदीर आले, बाकीची मुले तक्रार करू लागली. आम्ही सकाळच्या परिपाठाला त्याची पत्र्याची पेटी सर्वांसमोर आणवली आणि उघडायला लावली. कपड्यांच्या घडीखाली वाळलेल्या भाकरीचे तुकडे निघाले. मुले हसली. एकाने ‘भाकरीचोर’ असा शब्द काढला आणि आम्ही त्याला थांबवले नाही. वहीत आम्ही लिहिले, ‘अन्न लपवले. सर्वांसमोर समज दिली.’

त्यानंतर तो मुलगा बोलेनासा झाला. रात्री अंथरूण ओले होऊ लागले. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळच्या हजेरीला तो सापडला नाही. शोधाशोध करता तो परतूरच्या रेल्वे स्थानकावर, फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसलेला मिळाला. त्याच्याजवळ तिकिटाचे पैसे नव्हते. आई-वडील ज्या गावी ऊस तोडत होते त्या गावाचे नावही त्याला ठाऊक नव्हते. ते गेले होते ट्रकमधून. परंतु दूर जाणारे माणूस रेल्वेनेच जाते, एवढेच त्याला माहीत होते.

पुढच्या रविवारी त्याची आजी भेटीला आली. भाकरीची गोष्ट ऐकून ती म्हणाली, “गुरुजी, मागल्या साली ह्यो मायबापासंगं फडावर व्हता. माय रातीच तीनला भाकरी थापून कोपीत ठिवायची अन् तोडीला जायची. दिवसभर ती भाकर राखायची अन् धाकलीला येळंवर द्यायची, ह्ये ह्याचं काम. राखायची सवंच लागली त्याला.”

आम्ही ज्याला चोरी म्हटले, ती त्याची जबाबदारी होती. घरात त्याची धाकटी बहीण त्या भाकरीवर विसंबून होती आणि भाकरी जपून ठेवणारा मुलगा म्हणून त्याला शाबासकी मिळत होती. तीच गोष्ट वसतिगृहात अपराध ठरली आणि असे का झाले, हे त्याला कोणी सांगितले नाही.

त्याच परिपाठात, त्याच मुलांसमोर आम्ही त्याची क्षमा मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागितली तर दरारा राहत नाही, असे सहकाऱ्यांपैकी काहींचे मत होते. तसे काही झाले नाही. मग त्याला घट्ट झाकणाचा एक डबा दिला आणि सांगितले, ‘यात रोज हवी तेवढी भाकरी ठेव, सकाळी शिळी झालेली आचाऱ्याकडे दे.’ पहिले काही दिवस डबा भरलेला असे. मग अर्धा. संक्रांतीनंतर एक दिवस तो डबा धुऊन स्वयंपाकघरात परत आला. तो मुलगा यानंतर आदर्श विद्यार्थी झाला, असे आम्ही म्हणणार नाही. चिडला की तो हात उगारत असे आणि ते पुष्कळ दिवस चालले. पण तो पुन्हा स्थानकावर गेला नाही.

या प्रसंगानंतर आम्हाला बाबासाहेबांच्या बालपणातील एक प्रसंग वेगळ्या रीतीने कळला. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात तो आहे. भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना त्यांची आई भीमाबाई वारली. आत्याने त्यांना सांभाळले. शाळकरी भीमाच्या मनात आले की मुंबईला पळून जावे आणि गिरणीत काम करून आपल्या पायांवर उभे राहावे. प्रवासाला पैसे हवेत म्हणून तो रात्री निजलेल्या आत्याच्या कमरेची पिशवी लांबवण्याचा प्रयत्न करी. तीन रात्री साधले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती आली आणि त्यात निघाला अवघा अर्धा आणा. त्या धक्क्यानंतर त्यांनी पळून जाण्याचा विचार सोडला आणि मन लावून अभ्यास करण्याचा निश्चय केला.

आम्ही हा प्रसंग दरवर्षी जयंतीच्या भाषणात निश्चयाचे उदाहरण म्हणून सांगत आलो. आता आम्ही त्यातील आधीचा भाग अधिक वाचतो. त्या चौथ्या रात्री तो मुलगा आमच्यासारख्या एखाद्या गृहपालाच्या हाती सापडला असता, तर चार रकान्यांच्या वहीत ‘चोरी’ एवढाच शब्द पडला असता. आई गेलेली आहे, कोणावर भार होऊन राहणे सोसवत नाही, हे लिहायला त्या वहीत जागाच नव्हती.

मग चूक दाखवायचीच नाही काय? दाखवायची. मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त हे लहान मुलाला दिलेल्या शिकवणीचे उत्तम उदाहरण आहे. विषय गंभीर आहे, खोटे बोलण्याचा. भगवान बुद्ध स्वतः राहुलाकडे जातात. पाय धुऊन भांड्यात उरलेले थोडेसे पाणी त्याला दाखवतात, ते फेकतात, भांडे पालथे करतात आणि जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज नसेल तर माणसाचे काय होते, ते त्या भांड्यावरून समजावतात. नंतर आरशाचे उदाहरण देतात : कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तिच्याकडे पाहावे, तिने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होते का ते तपासावे. शब्द कठोर आहेत, पण राहुलाला चारचौघांत उभे केलेले नाही. आम्ही पेटी उघडायला लावली तेव्हा मुलाच्या हाती आरसा दिला नव्हता. फक्त बाकीच्यांना हसायला काहीतरी दिले होते.

पालकांशीही थोडे बोलले पाहिजे. मुलाला दाखल करताना अनेक वडील अजूनही म्हणतात, “हाडं आमची, मास तुमचं.” त्यामागचा विश्वास आम्ही जाणतो, परंतु हा अधिकार आम्हाला नको. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. सर्वांसमोर पेटी उघडणे दुसऱ्या प्रकारात मोडते, हे आम्हाला उशिरा उमगले. उलट बाजूही आहे. सहा महिन्यांनी परतलेले आई-वडील मनाला लागलेली टोचणी शमवण्यासाठी मागेल ते देतात : नवा मोबाइल, हातात पैसे, कोणत्याही चुकीला माफी. जूनमध्ये मूल पुन्हा वसतिगृहात येते, तेव्हा दोन घरांचे दोन कायदे त्याच्या डोक्यात भांडत असतात. आपण दोघांनी मिळून तीन-चारच नियम ठरवावेत आणि ते दोन्हीकडे सारखे पाळावेत. जाताना मुलाला कोणत्या गावी, कोणत्या कारखान्यावर आणि साधारण कधीपर्यंत जात आहोत, हे स्पष्ट सांगावे. झोपलेल्या मुलाला सोडून निघून जाऊ नये. फोनचा एक वार ठरवावा आणि तो चुकवू नये.

आणखी एक गोष्ट. दंगा करणारे मूल वहीत येते, गप्प बसणारे येत नाही. एका मुलीला आम्ही वर्षभर ‘अडेल’ म्हणत होतो. शाळेत आलेल्या आरोग्य पथकाने तपासले, तेव्हा तिला फळ्यावरचे दिसतच नव्हते, असे कळले. चष्मा आला आणि अडेलपणा गेला. म्हणून आधी डोळे आणि कान, मग झोप आणि पोट, मग घर, आणि सर्वांत शेवटी स्वभाव, असा क्रम आम्ही आता पाळतो. मुलाला कोणी त्रास देत असल्याची शंका आली तर 1098 हा क्रमांक मुलांसाठीच आहे. तो प्रत्येक खोलीत मोठ्या अक्षरांत लावला आहे.

आमच्या नव्या नोंदवहीत पाच रकाने आहेत. पाचवा तक्रारीच्या अलीकडे आखला आहे आणि त्याचे नाव आहे ‘त्याआधी काय घडले?’ तो भरल्याशिवाय कार्यवाहीचा रकाना भरायचा नाही, असा नियम आहे. पुष्कळदा तो भरता भरताच कार्यवाहीची गरज संपते.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांची नावे त्या जुन्या वह्यांत आहेत. पाचवा रकाना तेव्हा नव्हता, याबद्दल आम्ही आपले अपराधी आहोत. मेळाव्याला याल तेव्हा तो आपण स्वतः भरून द्यावा, अशी विनंती आहे. आणि स्वयंपाकघरातही डोकावून जावे. दसरा झाला की तेथील फळीवर झाकणाचे काही रिकामे डबे मांडून ठेवलेले असतात. ते कोणाचे, असे आम्ही विचारत नाही. ज्याला हवा त्याने न्यावा.