एकटा जीव

एकटा जीव कंटाळेल म्हणून मुलीसाठी मी सोनेरी हॅमस्टरची जोडी आणली. पंधरवड्यात एकाने दुसऱ्याला फाडले. मागाहून कळले, हा प्राणी जातीचाच एकलकोंडा!

उरलेल्याला घेऊन दिवाळीला तळेघरी गेलो. उघडाबोडका पिंजरा पाहून आईने जुनी ऐसपैस पेटी काढली, वीतभर कागदाचे कपटे न् वाळले गवत भरले, वर जाळी ठेवली. म्हणाली, "दिवसा निजतोय, उठवू नका रे त्याला." रात्री तो गालांत नाचणी भरभरून बिळात साठवू लागला. १९३० साली सीरियात, अलेप्पोजवळच्या शेतातून खणून काढलेल्या पिलांचा हा वंश. बीळ काही विसरलेला नाही.

दरवर्षी मी आईला म्हणतो, "इथे एकटी काय राहतेस? पुण्याला चल." यंदा म्हणालो नाही.