डांगी वळूची निवड

इगतपुरी-अकोले भागातल्या मुसळधार पावसात भातखाचरांची चिखलणी करणारी गाई-बैलांची जात म्हणजे डांगी. तिचा वळू निवडण्याआधी उद्दिष्ट ठरावे लागते. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्याने मांसासाठी पैदास हे इथले उद्दिष्ट नाही. ओढकामाची ताकद, काळे टणक खूर आणि पावसाला दाद न देणारी तेलकट कातडी यांना पहिला मान. दूध त्यानंतर. ते वळूच्या अंगावर दिसत नाही. त्यासाठी त्याच्या आईच्या वेतांची नोंद आणि पुढे त्याच्या कालवडींचे दूध पाहावे लागते. उद्दिष्टे वाढली, की प्रत्येकातली प्रगती मंदावते. वासराला निम्मा वारसा बापाकडून मिळतो आणि एक वळू अनेक गाईंना पुरतो. म्हणून त्याची निवड सर्वांत काळजीने करावी लागते.